लॅबचा हिरा, खाणीतला हिरा: मुंबईत पहिल्यांदा हिरा घेताना

हिरा घ्यायला गेलेलं मराठी घर दुकानात पहिला प्रश्न विचारतं, "खरा आहे ना?" समोरचा म्हणतो, "हो ताई, रिअल डायमंड." तो खोटं बोलत नसतो, आणि तरीही आपली फसगत होऊ शकते.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. तिने उपनगरातल्या एका दुकानातून कानातले टॉप्स घेतले होते. तीन वर्षांनी ते मोडून मोठे घ्यावेत म्हणून दुसऱ्या पेढीवर गेली, तर तिथल्या माणसाने यंत्रात घालून सांगितलं, "हे सीव्हीडी आहेत, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले. सोन्याचे पैसे मिळतील, खड्यांचे नाही." ती रडवेली होऊन घरी आली. मी तिचं बिल उघडून बघितलं. त्यात "डायमंड टॉप्स" एवढंच होतं. नैसर्गिक असं कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लॅबचे असंही नाही. हिऱ्यांच्या असॉर्टिंगमध्ये, म्हणजे खडे दर्जाप्रमाणे वेगळे करण्याच्या कामात, माझी अठरा वर्षं गेली, आधी ऑपेरा हाउसला आणि बाजार हलल्यावर बीकेसीत. पण तिच्या खरेदीच्या दिवशी मी सोबत नव्हते, याची चुटपुट अजून आहे. हा लेख तिच्यासारख्या, पहिल्यांदाच हिरा घेणाऱ्यांसाठी आहे.

पायरी पहिली: प्रश्न बदला

"खरा का खोटा" हा प्रश्न आता पुरत नाही. "खाणीतला का लॅबचा?" असं विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून मागा.

दुकानाच्या काउंटरवर आज चार वेगळ्या वस्तू चमकत असतात. पहिली अमेरिकन डायमंड. दादर-गिरगावात आपण याला एडी म्हणतो. हा झिरकोनिया, त्याचा हिऱ्याशी काहीही संबंध नाही. तो हिऱ्यापेक्षा जड असतो, मऊ असतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच्या पैलूंच्या कडा झिजून चमक मंद होते. दुसरी मॉयसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. तो चांगला टणक आहे, पण त्यातून रंगीत ठिणग्या हिऱ्यापेक्षा खूप जास्त उडतात. लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांखाली तो जवळजवळ इंद्रधनुष्यासारखा दिसतो. तिसरा लॅबमध्ये वाढवलेला हिरा आणि चौथा खाणीतला.

पहिल्या दोन वस्तू हिरे नाहीत. तिसरी आणि चौथी दोन्ही हिरेच आहेत. लॅबच्या हिऱ्याला "नकली" म्हणणं चूक आहे, आणि नुसतं "हिरा" म्हणून विकणंही चूक आहे. 2015 च्या आयएसओ 18323 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार "हिरा" हा शब्द एकटा वापरला तर त्याचा अर्थ नैसर्गिक हिरा असाच घ्यायचा असतो. लॅबचा असेल तर तसं शब्दांत सांगावं लागतं.

दुकानात एक पेनासारखं यंत्र खड्याला टेकवतात आणि ते "पीं" करून वाजतं. ते बघून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. ते यंत्र फक्त खडा उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो ते मोजतं. या बाबतीत हिरा तांब्यालाही मागे टाकतो. पण लॅबचा हिराही तेवढ्याच झपाट्याने उष्णता ओढतो, त्यामुळे दोन्हींवर ते सारखंच वाजतं. साध्या जुन्या यंत्रावर तर मॉयसनाइटही वाजतो. खड्यावर फुंकर मारणं, पाण्याच्या पेल्यात टाकणं, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं दिसतात का ते बघणं, असल्या घरगुती परीक्षांचा लॅब आणि खाण यांतला फरक ओळखायला काडीचाही उपयोग नाही.

पायरी दुसरी: दोन्ही कसे घडतात ते एकदा समजून घ्या

खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल घडतो. तिथल्या दाबाने आणि उष्णतेने कार्बनचे अणू घट्ट बांधले जातात. यातल्या बहुतेक हिऱ्यांचं वय एक ते साडेतीन अब्ज वर्षं आहे. पुढे कधीतरी ज्वालामुखीच्या उद्रेकात किंबर्लाइट नावाच्या खडकाबरोबर ते वर येतात. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा प्रदेश मुख्यतः आपला होता. गोवळकोंड्याचे म्हणून प्रसिद्ध असलेले खडे कृष्णेच्या खोऱ्यातले.

लॅबच्या हिऱ्यालाही कार्बन हवा, पण अब्जावधी वर्षं लागत नाहीत, काही आठवडे पुरतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी डिसेंबर 1954 मध्ये असा हिरा केला आणि 1955 मध्ये कंपनीने तो जाहीर केला. ते कण बारीक होते, धार लावण्याच्या कामाचे. दागिन्यात बसवण्याजोगा खडा त्याच कंपनीने 1970 मध्ये केला.

आज दोन पद्धती चालतात. एचपीएचटी पद्धतीत प्रचंड मोठ्या दाबयंत्रात लोखंड, निकेल किंवा कोबाल्टसारख्या वितळलेल्या धातूतून कार्बन हिऱ्याच्या छोट्या कणावर, म्हणजे बीजावर, बसवला जातो. हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि 1300 ते 1600 अंश तापमान त्याला लागतं. सीव्हीडी पद्धत वेगळी आहे. तिच्यात बंद भट्टीत हिऱ्याच्या पातळ चकत्या मांडतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात आणि त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, करतात. त्यातला कार्बन थराथराने चकतीवर जमतो. बाहेर निघणारा कच्चा खडा चौकोनी असतो, कडांना काळपट, आणि मला तो दरवेळी थाळीत थापून कापलेल्या वडीसारखा दिसतो. भारतात सीव्हीडीच जास्त बनतो, त्यामुळे मुंबईच्या बाजारात लॅबच्या कुठल्याही खड्याला सरसकट "सीव्हीडी" म्हणायची सवय आहे. पुढे दोन्ही प्रकारचे हिरे पैलू पाडायला जातात ते बहुतेक सुरतेलाच. कारागीर तेच, चाकही तेच.

मग यंत्र फरक ओळखतं कशावरून? मुख्य धागा नायट्रोजनचा. नैसर्गिक हिऱ्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त खड्यांत नायट्रोजनचे अणू असतात, आणि जमिनीखालच्या दीर्घ काळात ते एकत्र येऊन त्यांचे पुंजके झालेले असतात. सीव्हीडीच्या खड्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. तपासणीचं यंत्र आधी हेच बघतं, आणि ज्याच्याबद्दल शंका येईल तो खडा प्रयोगशाळेत पुढच्या तपासणीला जातो. तिथे त्याची वाढ कशी झाली त्याच्या खुणा दिसतात. सीव्हीडीत थर दिसतात. एचपीएचटीत वेगळा आराखडा दिसतो, कधी धातूचे बारीक कण सापडतात, आणि अतिनील दिवा बंद केल्यावरही असा खडा पुष्कळदा काही क्षण मंद उजळत राहतो. हे सगळं यंत्राचं काम आहे. इतकी वर्षं रोज खडे बघूनही नुसत्या डोळ्याने लॅबचा आणि खाणीतला मी खात्रीने सांगू शकत नाही. कुणी काउंटरवर भिंग लावून "मी बघून सांगतो" म्हणाला तर तिथे पैसे मोजू नका.

पायरी तिसरी: कशासाठी घेताय ते घरीच ठरवा

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली हा निर्णय होत नाही. घरी, चहा घेत, दोघांनी बसून ठरवा.

एक कॅरेटच्या आसपास, सारख्या दर्जाच्या खड्यांत, नैसर्गिक हिरा लॅबच्या हिऱ्यापेक्षा पाचपट ते दहापट महाग पडू शकतो. लॅबच्या हिऱ्याचा भाव गेली काही वर्षं घसरतो आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. भट्ट्या वाढल्या की माल वाढतो, खाण मात्र वाढवता येत नाही. डी बिअर्स या खाणवाल्या कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबच्या हिऱ्यांचे दागिने काढले, कॅरेटला सरसकट 800 डॉलर भावाने. तेव्हाच्या बाजारात तो भाव फार खालचा होता. पुढे बाजार त्याच्याही खाली गेला, आणि 2025 मध्ये कंपनीने तो व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यातून घेण्यासारखं एवढंच की लॅबचा हिरा हौसेने घाला, पण मोड येईल अशा हिशेबाने घेऊ नका. काही दुकानं स्वतःच्याच लॅबच्या दागिन्यांवर बायबॅक देतात. तो कागदावर किती टक्के आहे, रोख मिळणार की फक्त बदली दागिना, आणि टक्केवारी मूळ बिलावर धरणार की त्या दिवसाच्या भावावर, ही तीन उत्तरं लिहून घ्या.

नैसर्गिक हिऱ्याबद्दलही मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण तिथे आपल्या लोकांच्या डोक्यात सोन्याचा हिशेब असतो. सोनं मोडलं तर त्या दिवसाच्या भावाने, घट वजा जाता, पैसे येतात. हिऱ्याचं तसं होत नाही. त्याला रोज जाहीर होणारा एकच भाव नाही. विकायला गेलात की दुकानदार घाऊक भावाच्याही खाली मागतो. छोट्या खड्यांना तर कित्येक ठिकाणी फारच कमी मिळतं. चांगल्या रिपोर्टचा (प्रयोगशाळेने खडा तपासून दिलेल्या कागदाचा) मोठा नैसर्गिक खडा काहीतरी किंमत टिकवतो, एवढंच म्हणता येईल. गुंतवणूक करायची असेल तर वेढणी घ्या, हिरा नको.

माझं मत विचारलंत तर: रोज ऑफिसला घालायची अंगठी, मंगळसूत्राचं छोटं पेंडंट, मुलीला दहावीनंतर द्यायच्या कुड्या, इथे लॅबचा हिरा खुशाल घ्या. त्याच पैशात खडा मोठा येतो आणि ट्रेनच्या गर्दीत हरवला तर दुःख कमी. आजीचं म्हणून पुढच्या पिढीकडे जावं, जमिनीतून आलेलं काहीतरी असावं, अशी ज्याची भावना आहे त्याने लहान का होईना, नैसर्गिक घ्यावा. शुक्रासाठी, पत्रिकेवरून हिरा घालणारे बहुतेक नैसर्गिकच मागतात, तेव्हा ज्योतिषाला आधी विचारून घ्या.

"लॅबचा म्हणजे पर्यावरणाला चांगला" या वाक्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भट्ट्या आठवडेच्या आठवडे विजेवर चालतात आणि ती वीज कोळशाची असेल तर हिशेब बदलतो. खाणकामात जमीन उकरली जाते हेही तितकंच खरं. 2003 पासूनची किंबर्ली प्रक्रिया बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे रोखण्यापुरती आहे, मजुरांच्या बाकी हालांची हमी ती देत नाही.

पायरी चौथी: रिपोर्ट वाचायला शिका

मुंबईत जीआयए आणि आयजीआय या दोन्ही प्रयोगशाळा आहेत आणि बाजारात बहुतेक यांचेच रिपोर्ट दिसतात. दुकानाने स्वतः छापलेलं "ऑथेंटिसिटी कार्ड" हा रिपोर्ट नव्हे.

आयजीआयच्या लॅब हिऱ्याच्या रिपोर्टचा क्रमांक "एलजी" या अक्षरांनी सुरू होतो. रिपोर्टवर "लॅबोरेटरी ग्रोन" असं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली सीव्हीडी की एचपीएचटी, नंतर रंग सुधारण्याची प्रक्रिया झाली असण्याची शक्यता आहे का, हेही असतं. जीआयएने 1 ऑक्टोबर 2025 पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेचे नेहमीचे दर्जे देणं थांबवलं. आता ते फक्त "प्रीमियम" किंवा "स्टँडर्ड" म्हणतात. त्यामुळे जीआयएच्या नव्या लॅब रिपोर्टवर "डी रंग, व्हीव्हीएस" (म्हणजे अगदी रंगहीन, जवळजवळ निर्दोष) शोधत बसू नका.

रिपोर्टचा क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर मोबाइलमध्ये तिथेच टाकून बघा. मग वजन आणि मिलिमीटरमधली मापं जुळवा. नैसर्गिक हिऱ्याचा रिपोर्ट क्रमांक लॅबच्या खड्यावर कोरल्याचे प्रकार प्रयोगशाळांनी पकडले आहेत, म्हणून नुसता क्रमांक जुळला की झालं असं नाही.

आणखी एक घोळ शब्दाचा. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो आणि हिऱ्याचा कॅरेट वजन सांगतो. हिऱ्याचा 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि त्याचे 100 सेंट. "तीस सेंटचा खडा" म्हणजे 0.30 कॅरेट. गोल खडा एक कॅरेटचा असेल तर त्याचा व्यास सुमारे 6.5 मिलिमीटर आणि अर्ध्या कॅरेटचा सुमारे 5.2. म्हणजे वजन निम्मं झालं तरी दिसायला तो निम्मा होत नाही. नैसर्गिक खड्यात 50 सेंट, 1 कॅरेट अशा टप्प्यांवर भाव उडी मारतो, तेव्हा 95 सेंटचा घेतलात तर बोटावर कुणाला फरक कळणार नाही आणि पैसे वाचतील.

पायरी पाचवी: खडा स्वतः बघा

हे मला सगळ्यात आवडतं काम आणि ते कुणालाही जमतं.

पांढरा कोरा कागद मागा. तो मधोमध दुमडून पन्हळीसारखा करा. सुटा खडा चिमट्याने उचलून त्या घडीत पालथा ठेवा, म्हणजे सपाट तोंड खाली आणि टोक वर. आता दुकानाच्या दिव्यांपासून दूर, दारापाशी, दिवसाच्या उजेडात या आणि खड्याकडे वरून नाही, बाजूने बघा. समोरून खडा चमकून डोळे दिपवतो आणि रंग लपवतो, बाजूने त्याला लपवता येत नाही. पिवळसर झाक इथे दिसते. लॅबच्या खड्यात आणखी दोन गोष्टी शोधा: सीव्हीडीत चहाच्या पाण्यासारखी तपकिरी छटा आणि एचपीएचटीत कधी निळसर. खडा दुधाळ, धुरकट वाटला तर रिपोर्टवर काहीही लिहिलेलं असो, तो परत करा. दोन-तीन खडे शेजारी ठेवा. एकटा खडा बघून काही कळत नाही, शेजारी दुसरा ठेवला की लगेच कळतं.

मग दहापट भिंग मागा. बहुतेक लोक भिंग खड्याजवळ धरतात आणि आपण लांबून डोकावतात. तसं नको. भिंग अगदी डोळ्याशी, जवळजवळ पापणीला लागेल असं धरा, कोपर टेबलावर टेकवा आणि चिमट्यातला खडा हळूहळू भिंगाकडे आणा. दुसरा डोळा मिटू नका. साधारण इंचभर अंतरावर तो एकदम स्पष्ट होतो. आता खडा बाजूने फिरवा. वरच्या आणि खालच्या पैलूंच्या मध्ये एक बारीक पट्टा असतो, त्याला गर्डल म्हणतात. त्यावर लेसरने कोरलेली राखाडी अक्षरं सापडतील. लॅबच्या खड्यावर तिथे "लॅबग्रोन" आणि रिपोर्टचा क्रमांक असतो. पहिल्यांदा सापडायला पाच मिनिटं लागतील. लागू द्या. मागे रांग असली तरी उठू नका.

लॅबचा घेताना पैसे शुद्धतेवर उधळू नका, कारण त्यात स्वच्छ खडे मुबलक मिळतात. पैसे कटिंगवर घाला. खड्याचं तेज पैलूंच्या कोनांतून येतं, मग तो जमिनीतला असो वा भट्टीतला.

बारीक खड्यांचं काय?

मंगळसूत्राची वाटी, नथ, अंगठीच्या बाजूची रांग, यांत दोन-तीन सेंटांचे खडे असतात. त्यांवर क्रमांक नसतो आणि एकेकाचा रिपोर्ट परवडत नाही. नैसर्गिकच्या पुडीत लॅबचे खडे मिसळले जाण्याचा धोका सर्वांत जास्त इथेच आहे, आणि कित्येकदा दुकानदारालाही ते ठाऊक नसतं. म्हणून विचारा: माल यंत्रावर स्क्रीन केला होता का? पूर्ण दागिन्याचा रिपोर्ट मिळेल का? नाही म्हणाले तर बारीक खड्यांना नैसर्गिकचा भाव देऊ नका.

पायरी सहावी: बिल

कुठून घ्यायचं, झवेरी बाजार की रानडे रोड की मोठं शोरूम, हे ज्याचं त्याने ठरवावं. "बीकेसीच्या बोर्समधून घाऊक भावात आणून देतो" म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. भारत डायमंड बोर्स व्यापाऱ्यांसाठी आहे, तिथे पासाशिवाय आत जाता येत नाही, आणि मध्यस्थाकडून आलेल्या पुडीबरोबर बहुतेक वेळा बिल येत नाही.

बिलात "नैसर्गिक हिरा" किंवा "लॅबमध्ये तयार केलेला हिरा" हे पूर्ण शब्द हवेत. खड्यांची संख्या, कॅरेटमधलं वजन, रिपोर्ट क्रमांक, हिऱ्याची किंमत वेगळी, सोन्याची वेगळी, घडणावळ वेगळी. दागिन्यावर 3 टक्के जीएसटी.

सोन्याचं वजन खडे वजा करून धरलंय का ते बघा. समजा अंगठी 4 ग्रॅम भरली आणि तिच्यात अर्धा कॅरेट हिरा आहे. अर्धा कॅरेट म्हणजे 0.1 ग्रॅम, तेव्हा सोनं 3.9 ग्रॅमच. पूर्ण 4 ग्रॅमचे पैसे लावले असतील तर तुम्ही हिऱ्यासाठी एकदा आणि त्याच वजनाच्या सोन्यासाठी पुन्हा एकदा पैसे देताय.

हॉलमार्क बघाच, पण तो सोन्याचा असतो. बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (18 कॅरेटला 750, 14 ला 585) आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी. हा क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. हिरा कुठला याबद्दल हॉलमार्क एक अक्षर बोलत नाही. बिलाबाबत फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तक्रार करताना हातात लागतं ते बिलच.

घरी आणल्यावर

हिऱ्याला तेल चिकटतं. खोबरेल तेल, पीठ, हँडक्रीम यांचा थर मागून बसला की लाखाचा खडाही निस्तेज दिसतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, महिन्यातून एकदा पुरे. धुताना बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवा.

हिरा सहजी ओरखडत नाही, पण फुटू शकतो. ठरावीक दिशेने जोराचा घाव बसला तर कडेचा तुकडा उडतो, लॅबचा असो वा खाणीतला. खलबत्ता, ट्रेनचा दांडा, जिमचं वजन, इथे अंगठी काढून ठेवा. डबीत प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत, नाहीतर हिरा शेजारच्या सोन्यावर रेघा ओढतो. वर्षातून एकदा सोनाराकडून खड्याच्या पकडी तपासून घ्या.

रिपोर्ट आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर पाठवा. आणि डबीतच एक चिठ्ठी ठेवा: हिरा कुठला, किती सेंटचा, कोणत्या साली घेतला. माझ्या बहिणीच्या डबीत आता तशी चिठ्ठी आहे. टॉप्स तिने मोडले नाहीत, सणावाराला घालते, आणि कुणी विचारलं तर "लॅबचे आहेत" म्हणून सांगते.